अण्णारावांची सुटलेली मान

दळण घेऊन मी गिरणीला निघाले होते, तेवढ्यात ओसरीवर धप्प आवाज झाला. माझे मामा, म्हणजे सासरे अण्णाराव, उंबऱ्याला अडखळून पडले होते.

मणक्यांच्या संधिवातानं त्यांची पाठ अन् मान कित्येक वर्षं लाकडासारखी आखडलेली. नजर कायम जमिनीला. माणसं ते चपलांवरून ओळखत. माझ्या लग्नातही त्यांनी माझे पायच पाहिले. पण आम्ही उठवलं, तर मान चक्क वर आली!

"शिवकन्या, तू अशी दिसतीस व्हय?" मामा हसले.

सासूबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "येडेश्वरी आईनं मान सोडवली! आधी कळसाचं दर्शन, मग बाकीचं."

मी दवाखान्याचं नाव काढलं. पण देवीपुढं सुनेचं कोण ऐकतं? जीप केली, येरमाळ्याला गेलो. येडेश्वरीच्या देवळासमोर मामांना खुर्चीत बसवलं. त्यांनी हात जोडले, मान मागं टाकली. कळस डोळे भरून पाहिला. मग चेहरा पांढराफटक पडला.

"कळसाच्या अलीकडं... आपल्या डोक्यावर... ह्यो कोण?"

जोडलेले हात सुटून मांडीवर पडले. ते पुन्हा वर आलेच नाहीत.

सोलापूरच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मान सुटली नव्हती, मोडली होती. होती तशी वाकलेलीच धरून आणायची. मागं टाकली अन् आतला मज्जारज्जू चेंगरला."

ऑपरेशन झालं. मागून सळ्या अन् स्क्रू घालून मान जुन्या वाकातच पक्की केली. हातापायांत जीव येईल का विचारलं, तर डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले.

एका दुपारी डबा घेऊन गेले, तर एरवी पायांकडं वाकलेला मामांचा चेहरा थेट छताकडं. मी ओरडले. सिस्टर धावली, लगेच एक्सरे काढला. सगळे स्क्रू जागच्या जागी होते.

"डोळे झाक माझे," मामा कुजबुजले. "मला हात न्हाईत आता..."

मी तळहात ठेवला. खाली पापण्या थरथरत होत्या. मला रडू फुटलं.

"मामा... अजून बघतोय का तो?"

"माझ्याकडं न्हाय." माझ्या तळहाताखाली त्यांचे डोळे हलले. "आता तुझ्याकडं बघतोय... मान वर करू नगंस, पोरी."

नाही केली. फरशीकडं बघत बसले.

तेवढ्यात कुणीतरी माझ्या मानेवरची वेणी हळूच बाजूला सारली.