शांतपटलाखालचा दर्या

वारा कानठळ्या बसवत होता आणि समुद्रावर एक लाट नव्हती.

संशोधन-नौकेच्या कठड्याशी उभ्या असलेल्या जान्हवी वरसोलकरच्या तोंडावर केस फटकारत होते. खाली पाणी मात्र परातीतल्या तेलासारखं निपचित. तीन आठवड्यांपूर्वी इथे शांतपटल पसरलं होतं. पाण्यावरचं एका रेणूइतकं पातळ आवरण, फाटलं तर आपणहून सांधणारं. पाण्याची वाफच होऊ दिली नाही तर चक्रीवादळ उपाशी मरेल, ही कल्पना. कल्पनेचे सत्कारही आधीच उरकले होते.

वादळाचा इशारा आला तशा सदतीस मासेमारी बोटी पटलावर येऊन थांबल्या. वारा उठला की निवाऱ्याचं पाणी गाठायचं, ही कोळ्यांची रीत. त्यांत जान्हवीचा थोरला भाऊ हिराजीही होता. सकाळी वायरलेसवर त्यानं शास्त्रज्ञ बहिणीची मनसोक्त थट्टा केली आणि शेवटी सहज सांगितलं, "बाय, बरफ टिकत नाय. म्हावरा नरम पडला."

तिनं बादली सोडली. पाण्यात हात घातला, झटकन काढला आणि तापमापक बुडवला. एक्केचाळीस अंश.

प्रकल्पप्रमुख डॉ. मिराशींच्या पडद्यावर अठ्ठावीस होतं. तापशोधक पाच मीटर खोल टांगलेले. वर ठेवले की जाळ्यांत अडकतात, म्हणून वर्षानुवर्षं तसेच.

"पाच मीटरवरचं पाणी आणि वरचं पाणी एकच, वरसोलकर. वारा ढवळतो ना सगळं."

"वारा पाण्याला लागतोय कुठे, सर? आपणच लागू देत नाही."

तीन आठवड्यांचं ऊन वरच्या चार मीटरांत कोंडलं होतं. वाफ होऊन वर जायला वाट नाही, ढवळून खाली जायला वाट नाही. वादळाच्या गाभ्याचा वारा या पटलाच्या चिंध्या करणार, आणि त्याच क्षणी ती सगळी उष्णता त्याच्या तोंडात पडणार.

"आपण त्याचं अन्न तोडलं नाही," जान्हवी म्हणाली. "झाकून ठेवलं."

वादळ दूर आहे तोवर पटल फाडलं, तर हाच वारा उष्णता खाली ढकलेल. मिराशींना त्यासाठी वरून परवानगी हवी होती. जान्हवीनं वायरलेस उचलला. सगळ्या बोटींनी जाळी पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढत उत्तरेकडे निघायचं, असं तिनं बजावलं.

"येवरा शांत दर्या मीच फोडू?" हिराजी म्हणाला.

"फोड, दादा. थांबलास तर वादळ तुझ्याच डोक्यावर बसून जेवेल."

त्यानं एक कचकचीत शिवी दिली आणि जाळी टाकली. बोटींमागे पाणी फाटत गेलं. वाऱ्याला भोक सापडलं. मग त्याला कुणाची गरज उरली नाही. दुपारपर्यंत समुद्र उकळल्यागत उसळत होता. वादळ आलं, लटपटलं, पावसाचं गाठोडं टाकून विरलं. सदतीसही बोटी तगल्या.

दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि पटलानं स्वतःला सांधून घेतलं. पडद्यावर पुन्हा अठ्ठावीस. पटल यशस्वी, असा अहवाल मिराशींनी धाडला. मुदतही वाढवून मिळाली.

जान्हवीनं दोरीला तापमापक बांधून खाली सोडला. दहा मीटर, अठ्ठावीस. वीस मीटर, अठ्ठावीस. चाळीस मीटरवर परवापर्यंत पंचवीस असायचं. वादळानं समुद्र ढवळला की तिथलं थंड पाणी वर यायचं आणि वादळाचं तोंड बंद व्हायचं. समुद्राचा हाच तर लगाम होता.

चाळीस मीटर. अठ्ठावीस.

वर ऊन पुन्हा साठू लागलं होतं. पुढचं वादळ आलं तर या खेपेला ढवळून काही उपयोग नव्हता. खाली थंड असं हाताशी काही उरलंच नव्हतं. पाच मीटरवरचे तापशोधक मात्र शेवटपर्यंत अठ्ठावीसच दाखवणार होते.

वायरलेस खरखरला. तिच्या शब्दानं बोटी वाचल्या, या भरवशावर हिराजीनं आणखी पन्नास बोटींना पटलावर बोलावणं धाडलं होतं.

"दर्या परत निजला गं, बाय," तो समाधानानं म्हणाला. "आता मोसमभर आमी हितंच."