पंचवीसशे एकविसावा धागा

दुष्काळानंतरचा उन्हाळा. भरदुपारी वीज गेली आणि अक्कलकोट रोडवरच्या त्या चादरींच्या कारखान्यात सगळे माग एकदम गप्प झाले. देखरेखीवरच्या विरुपाक्षाला हीच वेळ हवी होती. एका मागावर चादरीची किनार सारखी बिघडत होती, आणि मालकांनी बजावलं होतं, हे करणारा हात शोधून काढ. हात कुणाचा, ते विरुपाक्षानं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. धागे सांधणारी निंगव्वा! म्हातारीला घरी बसवायचंच.

ताण्यात, म्हणजे मागावरच्या उभ्या सुतात, धागे हवेत पंचवीसशे वीस; एकही जास्त झाला की किनार बिघडते. मोठा गुणी आकडा. एकपासून दहापर्यंत कुणीही भागावं, बाकी शून्य. म्हणून कसलेही पट्टे त्यावर बिनतक्रार बसतात. विरुपाक्ष गणितात बी.एस्सी. झालेला, त्याचा माणसांपेक्षा आकड्यांवर जास्त विश्वास.

खिडक्यांवर सुताची धूळ साचलेली. आत कोंदट काळोख, खळीचा आंबूस वास. त्यानं सातासातांचे पुंजके करत धागे मोजले. एक उरला. तो कात्रीनं कापला आणि खात्रीसाठी आठाआठांनी मोजलं. पुन्हा एक उरला. तोही कापला. मग नवानवांनी मोजलं. एक उरलाच.

कापूनही पंचवीसशे एकवीस! हा आकडा एकानं आणि स्वतःनंच भागला जातो, दुसरं कुणी त्याच्या वाटेला जात नाही. कॉलेजात असले आकडे त्याला फार आवडायचे. आता त्याला त्याची भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून तो आणखी चिडला.

"निंगव्वा, खरं सांग. जास्तीचा धागा कोण घालतंय?"

"आमचे हे..." म्हातारी हळूच म्हणाली. तिचा नवरा चनबसप्पा याच मागावर काम करता करता गेला होता. "ताणा संपला तरी माग रिकामा करत न्हाईत, साहेब. जुन्या टोकांस्नी नवं सूत सांधायचं. ह्यांच्या हातच्या टोकांवरच आजपतुर सांधत आलेय की मी... त्यांना हितंच ऱ्हाऊ द्या."

म्हातारीची नाटकं! विरुपाक्षानं सगळी जुनी टोकं कापून मागाबाहेर ओढली. निंगव्वा नको नको म्हणत राहिली.

शनिवारी नवा कोरा ताणा भरला. पंचवीसशे वीस, एकही जास्त नाही. किनार देखणी उतरली. विरुपाक्षानं निंगव्वाला कामावरून काढलं.

ती डबा घेऊन दारापाशी गेली, थांबली. डोक्यावर पदर ओढला आणि विरुपाक्षाच्या खांद्यामागं बघत कानडीत म्हणाली, "बर्री... मनीगे होगूण."

चला, घरी जाऊ. एवढंच. मग ती बराच वेळ मान कलती करून ऐकत राहिली. तिचा चेहरा उतरला.

"काय... काय झालं?" मागं वळायची विरुपाक्षाची छाती होईना.

"येत न्हाईत म्हणत्यात." तिचे डोळे भरून आले. "तुमी त्यांची जागा मोडली न्हवं... आता तुमच्याकडंच ऱ्हातो म्हणत्यात."