टाकलेली घोंगडी

तुम्हाला पटो वा न पटो, त्या जीपमध्ये मी स्वतः बसले होते. त्यामुळे "भास झाला असेल" असं मला कुणी सांगू नये.

साल १९८१. पौषातली कडाक्याची थंडी. चिखल्याहून पार साकोलीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका खेड्यात आम्हाला एक कुत्रा पोचवायचा होता.

कुत्रा माझ्या मोठ्या बाबांचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा. गोमाजी त्यांचं नाव. खाणीत काम करायचे. ते ड्युटीवरून आले की मोठीमाय, म्हणजे त्यांची बायको, आधी डोक्यावर पदर घ्यायची आणि मगच दार उघडायची. आम्ही पोरी तिला हसायचो.

मोठे बाबा खोकून खोकून गेले. क्वार्टर सोडावं लागलं. मोठीमाय लेकीच्या गावी राहायला गेली.

त्यांचा कुत्रा भुऱ्या मात्र बंद दारासमोर बसून राहिला. मोठे बाबा त्याला हाताने घास भरवायचे. ते गेल्यापासून त्याने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. शेजारणींनी टाकलेला भात तसाच वाळून जायचा.

मोठीमायचा निरोप आला, "माह्या भुऱ्याले जिता आणून द्या. आता थोच हाय मले."

जीप टेकचंदमामाची. माझ्या मामाला माणसांपेक्षा कुत्र्यांची माया जास्त, असं मामी चारचौघांत म्हणायची. त्याने मागच्या पत्र्यावर धानाची तणस पसरली, वर पोतं घातलं, म्हणजे भुऱ्याचे पाय घसरू नयेत. पाण्याची कॅन घेतली. ताडपत्रीचा एक कोपरा वाऱ्यासाठी उघडा ठेवला. भुऱ्याला धरायला मी मागे बसले.

पण जीप हलली आणि भुऱ्या थरथरायला लागला. रिकाम्या पोटी ओकायला लागला. डोळे पांढरे करत होता. मला वाटलं, हा काही पोचत नाही.

चिखल्याची शीव आली...

आणि भुऱ्याने उडी मारली.

पळसाच्या झाडाखाली मोठ्या बाबांची घोंगडी पडली होती. आमच्याकडे मेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण शिवेवर टाकतात. टाकलेलं परत कुणी उचलत नाही. भुऱ्या जाऊन तिच्यावर निजला, आणि काही केल्या उठेना.

मामाने घोंगडी उचलली. कुत्र्यासकट.

मी म्हटलं, मामा, असं करू नये.

"तशानं थो वाटेतच मरन, पोरी. मालकाचा वास राहीन तं शांत बसन. मुक्या जनावराले कायचा इटाळ?"

खरंच, भुऱ्या शांत झाला. इतका शांत, की मामा मला आरशातून पाहून ऐटीत हसला.

भंडाऱ्याच्या पुढे वैनगंगेचा पूल ओलांडला. वारा झोंबायला लागला, म्हणून मामाने मला पुढे बोलावलं. मागे भुऱ्या एकटाच.

लाखनीच्या अलीकडे दिवस बुडाला.

तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं... टप, टप, टप.

भुऱ्याची शेपटी. बाजूच्या पत्र्यावर आपटत होती. इतक्या दिवसांत ती हलली नव्हती.

मी वळून पाहिलं. भुऱ्या घोंगडीच्या अगदी कडेला अंग चोरून निजला होता. बाकीची घोंगडी त्याने रिकामी सोडली होती.

मग... खोकला.

दोनदा. दबका, छातीतून ओढलेला. तो खोकला आमच्या घरात सगळ्यांना पाठ होता.

मामाने आरशात पाहिलं नाही. जीप थांबवली, शिदोरीतला भात पळसाच्या पानावर काढला, मागे ठेवला आणि परत स्टिअरिंगवर येऊन बसला.

थोड्या वेळाने मागून मचमच आवाज आला. भुऱ्या जेवत होता.

मला राहवलं नाही. मी पाहिलं.

पान पोत्यावर होतं. भुऱ्याचं तोंड मात्र वर होतं... हवेत. एकेक घास तो वरूनच घेत होता.

त्यानंतर साकोली कधी आली, जंगल कधी लागलं, मला आठवत नाही. मी मामाचा सदरा मुठीत धरून रामनाम घेत होते.

आम्ही पोचलो तेव्हा मोठीमाय कंदील घेऊन अंगणात उभी होती. भुऱ्या टुणकन उतरला. पण तिच्याकडे धावला नाही. जीपकडे वळून शेपटी हलवत उभा राहिला, कुणीतरी मागून उतरायचं असल्यासारखा.

मोठीमायने त्याला हाक मारली नाही. त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती जीपच्या मागच्या बाजूला पाहत होती...

आणि तिने हळूच डोक्यावर पदर घेतला.

मामा घोंगडी गुंडाळायला लागला. इथल्याच शिवेवर टाकून येतो म्हणाला.

"राहू दे, टेकचंद," मोठीमाय म्हणाली. "येवढ्या थंडीत बाहेर कायले?"

भुऱ्या पुढे सहा-सात वर्षं जगला. चांगला खाऊन-पिऊन जगला. आम्ही तो जिवंत पोचवला, आणि मोठीमाय त्याच्यासोबत सुखात राहिली, एवढं मी मान्य करते. पण मामाने त्यानंतर जीपचा आतला आरसा काढून टाकला, तो पुन्हा बसवलाच नाही.

मी त्या घरी कधी मुक्काम केला नाही. दिवसा गेले तरी भुऱ्याच्या कोपऱ्याकडे पाठ करून बसायची हिंमत झाली नाही. तिथे ती घोंगडी अंथरलेली असायची, आणि भुऱ्या शेवटपर्यंत तिच्या कडेलाच निजायचा.