केतकीची पाठ

मुलुंडच्या चढावर उत्तराची लूना बंद पडली. ती उतरून गाडी ढकलायला लागली, तेवढ्यात समोर एक पांढरी घोडी आडवी आली. घोडी कसली, नुसता सांगाडा! पाठीचं हाड कौलारू घराच्या आढ्यासारखं वर आलेलं आणि दोन्ही बाजूंना खड्डे.

उत्तराचं डोकंच सणकलं. "काय हो, हिला चारा घालता की नुसती हवा?"

दोरी धरून चालणारा तरुण थांबला. उंच, सावळा. शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी लोंबणारी. भुरभुर पावसात चिंब भिजला होता, आणि हसत होता मेला!

"हवा चांगलीय मॅडम मुलुंडची. पण ऑपरेशन झालंय हिचं. आतड्याला पीळ पडला होता. तुम्ही कोण, पोलीस?"

"डॉक्टर. जनावरांची."

"मग त्या लूनाला सोडा. हिला बघा."

अशी सुरुवात झाली. म्हणजे भांडणातूनच.

उत्तरा घाटकोपरची. एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नुकतीच लागली होती आणि मुलीच्या जातीनं गाईम्हशींत हात घालावेत का, यावर घरी रोज चर्चा चालायची. तो चंद्रप्रकाश. संपात वडिलांची गिरणीतली नोकरी गेली, तेव्हापासून डोंगराच्या पायथ्याशी काकांच्या तबेल्यात राबत होता. काका धोंडिराम लग्नाच्या वरातींना घोडे द्यायचे आणि त्यात या पांढऱ्या केतकीला सगळ्यांत मागणी. आता ती खुंट्याला उभी.

"पोट कापलेली घोडी ही," काका पहिल्याच दिवशी म्हणाले. "कोण बसतलो हिच्यार? तुळशीच्या लग्नापर्यंत उभी रवली तर ठीक. नायतर विकून टाकतंय!"

"काका रोजच विकतात," चंद्रप्रकाश उत्तराच्या कानाशी पुटपुटला. "तुम्ही सांगा, काय करायचं?"

उत्तरानं सांगितलं. पाठीला खालून पोट उचलून धरतं, म्हणून पोट कापलं की पाठ बसते. तेव्हा नुसता खुराक चारून चरबी चढेल, ताकद येणार नाही. आधी चालवायची, मग जमिनीवर बांबू आडवे टाकून त्यांवरून पाय उचलायला लावायचे, मग चढावर चार पावलं मागे. पुढच्या दोन पायांच्या मधे गाजर धरायचं, म्हणजे ते खायला ती मान खाली घालते आणि पाठ आपोआप वर येते. पाठीवर मात्र कुणी बसायचं नाही. अगदी पोरसुद्धा नाही.

"आणि मला गाजर?" चंद्रप्रकाशनं विचारलं.

"आधी चार पावलं मागे हो."

तो खरंच झाला की मागे! मोजून चार. उत्तराला हसू आवरेना, आणि त्या दिवशी घरी जाताना आपण त्याला 'हो' म्हणालो, 'व्हा' नाही, हे तिच्या लक्षात आलं.

मग प्रत्येक रविवारी सकाळी घाटकोपरहून लूना निघायची. घरी सांगायचं, 'पेशंट आहे.' खोटं थोडंच होतं? दोघं केतकीच्या दोन बाजूंना उभे राहायचे आणि डोळे मिटून खोगिराच्या जागी तळहात ठेवायचे. हाड बोचलं तर अजून वेळ आहे. हात सपाट बसला, की घोडी तयार.

"बोचतंय," ती म्हणायची.

"मला नाही बोचत. मला तुझी बोटं लागतायत."

"गप रे! घोडीकडे लक्ष दे."

पण बोटं काही तिनं काढून घेतली नाहीत.

गणपती गेले, दसरा गेला. खड्डे भरत आले, मानेला गोलाई आली. तुळशीची लग्नं लागली, आणि त्यानंतरच्या रविवारी उत्तराचा तळहात केतकीच्या पाठीवर सपाट बसला. अगदी झकास. आनंदानं ओरडायला हवं होतं तिनं. तिनं मात्र हात तिथंच ठेवला. घोडी तयार झाली म्हणजे वराती सुरू, आणि वराती सुरू म्हणजे... रविवारी आपलं इथं काय काम?

"काय गं?" त्यानं विचारलं. "मला तर भरलेली वाटतेय."

"अजून... अजून तीन आठवडे."

"नक्की?"

"डॉक्टर कोण, तू का मी?"

"तूच बाई!" तो हसला आणि आत काकांना सांगायला गेला. काकांचा आरडाओरडा अंगणापर्यंत ऐकू आला. गिऱ्हाइकं दारात आहेत, हिच्यासाठी खोळंबलीत! त्यावर चंद्रप्रकाशचा शांत आवाज, "डॉक्टरनी नाही म्हटलं म्हणजे नाही."

उत्तराला लाज वाटली. पण कशाला लपवायचं, आनंदही झाला. पुढचे दोन रविवार तर काय सांगावेत! पाच रस्त्याच्या नाक्यावर उभं राहून खाल्लेले वडे, तिच्या केसातली गवताची काडी काढताना उगाच रेंगाळलेला त्याचा हात... तिसऱ्या रविवारी ती ठरवूनच निघाली. आज खरं सांगायचं. घोडी तयार आहे, आणि तू मला आवडतोस.

तबेल्यासमोर टेम्पो उभा होता.

पाचगणीचा एक घोडेवाला केतकीभोवती फिरत होता. काकांनी यावेळी खरोखरच विकायला काढली होती.

"ये गो, तूच सांग," काका म्हणाले. "हिच्यार खोगीर चढतला काय नाय? चढत नसला तर ह्यो नेवचो नाय. मग वीटभट्टीवालो आसा, तो गाडीक जुंपतलो."

चंद्रप्रकाश दोरी धरून उभा होता. त्यानं हळूच डोळा मिचकावला. वीटभट्टीच्या धमकीवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. उत्तरा नाही म्हणेल, पाचगणीवाला निघून जाईल, एवढंच त्याला हवं होतं.

"तिलाच विचारा," तो म्हणाला. "ती सांगेल ते शेवटचं. खोटं नाही बोलत ती."

भट्टीवरचे घोडे उत्तरानं पाहिले होते. वर्षाच्या आत पाठ मोडते. काका खरंच बोलत असले तर? तिनं केतकीकडे पाहिलं.

"तयार आहे."

पाचगणीवाल्यानं पाठीवरून हात फिरवला. "आज नाही हो झाली ही. महिना तरी झाला असेल. बांधून का ठेवलीत?"

चंद्रप्रकाशचं हसू मावळलं. काका व्यवहाराला आत गेले तसा तो तिच्यासमोर आला.

"कधीपासून?"

"तीन रविवार झाले."

"आणि तू मला..."

"मला यायचं होतं रे! घरी काय सांगून आले असते? तू आवडतोस मला. हे सगळं संपू नये, असं वाटलं... एवढंच."

त्यानं दोरी मनगटाला गुंडाळली. मग खाली बघत म्हणाला, "काकांनी कबूल केलं होतं. केतकी या सीझनला चालली तर ती माझी. पहिली वरात झाली की दुसऱ्या दिवशी तुझ्या बाबांसमोर येऊन बसणार होतो. शर्ट शिवून ठेवलाय, वेडे. तीन वराती दारातून परत पाठवल्या मी, तुझ्या शब्दावर."

"मग आता ये. तसाच ये ना..."

"आता नको."

पाचगणीवाल्याला घोडीच्या ओळखीचा माणूस हवाच होता. चंद्रप्रकाश केतकीबरोबर जायला कपड्यांची पिशवी घेऊन आला. केतकी टेम्पोच्या फळीवर चढेना, मागे सरायला लागली. शेवटी उत्तरानंच मागून खांदा लावला आणि डोळ्यांतलं पाणी पुसायलाही न थांबता तिला वर चढवलं.

"पंधरा दिवस उतारावर पळवू नकोस तिला," ती कशीबशी म्हणाली. "पाठ नवी आहे अजून."

फळी उचलता उचलता तो थांबला. पहिल्यांदाच त्यानं तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

"हे तरी खरं ना?" त्यानं विचारलं.