आपोआप वाजणारा हॉर्न

संध्याकाळच्या गर्दीत मागून कुणी हॉर्न वाजवला तर करुणा सहसा वळून बघत नसे. पण हा हॉर्न काही केल्या थांबेना. क्षणभर गप्प बसे आणि पुन्हा केकाटे. शेवटी पुंडलिकनगरच्या वळणावर तिनं स्कूटी कडेला घेतली आणि मागच्याला अडवलंच.

"काय ओ, लई घाई आहे का?"

टाकीचा रंग उडालेली जुनी मोटरसायकल, तिच्यावर नवंकोरं उंच हँडल, आणि हँडलामागं घामाघूम झालेला एक तरुण.

"खरंच मी नाय वाजवत," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "आपोआप वाजतोय. हँडल वळवलं की…"

त्यानं वळवून दाखवलं. हॉर्न पुन्हा केकाटला. शेजारचा रिक्षावाला खेकसला, "कायकू बजारा रे उस्ताद?" करुणाला हसू आवरेना.

"हँडल कुणी बदललं?"

"मीच… व्हिडिओ बघून."

"दिसतंय ते. चला माझ्या मागं, आमचं वायरिंगचंच दुकान आहे. फक्त वळू नका."

"न वळता तुमच्या मागं कसं येणार?" तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला. हसू चांगलं होतं, हे करुणानं मनातल्या मनात कबूल केलं.

दुकान तिच्या वडिलांचं, संघपाल यांचं. त्यांची नजर अधू झाल्यापासून बारीक काम करुणाच करी. उंच हँडलाला जुन्या वायरी पुरल्या नव्हत्या. यानं त्या ताणून बसवल्या होत्या आणि हॉर्नची वायर क्लॅम्पखाली चेमटली होती. हँडल वळलं की उघडं तांबं लोखंडाला लागायचं. करुणा वायरीला जोड देत होती आणि तो तिच्या बोटांकडं बघत होता. मग त्याची नजर भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं गेली. तिथून संघपालांकडं वळून तो म्हणाला, "जय भीम, काका."

अगदी सहज म्हणाला. अडखळला नाही, दाखवायला म्हणून म्हणाला नाही. करुणाच्या हातातली सोल्डरची डागणी क्षणभर थांबली. तिचं मन गेलं ते तिथंच.

त्याचं नाव कृष्णा. फुलंब्रीच्या अलीकडच्या एका गावातल्या आप्पासाहेबांचा धाकटा मुलगा. घरी भरपूर जमीन, हा मात्र शेंद्र्याच्या कंपनीत कामाला. गाडी आप्पासाहेबांची, त्यांच्या तरुणपणची.

त्यानंतर त्या गाडीला जणू दृष्टच लागली. आज इंडिकेटर बंद, मग हेडलाइट, मग एकदा तर गाडी ढकलतच दुकानात आली. करुणानं टाकीखाली हात घातला. कॉइलला जाणारी वायर जोडातून निघाली होती. ना जळलेली, ना तुटलेली.

"ही अशी आपोआप निघत नसती," ती म्हणाली.

"मग?"

"कुणीतरी ओढावी लागती."

तो कानापर्यंत लाल झाला. "मग काय करणार? गाडी चांगली असली की तुझ्या दुकानात यायला कारणच नाय."

करुणानं वायर जोडली. जोडावर प्लास्टिकची काळी पट्टी घट्ट आवळली आणि वरचं टोक कापून टाकलं.

"आता ही माझी गाठ. खड्ड्यानं सुटणार नाय. सुटली तर समजायचं, कुणीतरी कापली." मग मान खाली घालून हळूच म्हणाली, "आणि यायचं असलं तर तसंच येत जा. चहाला."

तो तसाच येऊ लागला. संघपाल मुद्दाम पेपर घेऊन ओट्यावर जाऊन बसत. हे प्रेम कुठल्या उंबऱ्याशी अडणार, हे करुणाला कळत नव्हतं असं नाही. तिनं सरळच विचारलं होतं. "घरी नेशील तेव्हाच मी खरं मानीन."

"नेतो," तो म्हणाला होता. "याच गाडीवर नेतो."

आणि एका रविवारी खरंच निघाले. करुणानं मोरपंखी ड्रेस घातला होता आणि मांडीवर त्याच्या आईसाठी घेतलेला नानखटाईचा डबा होता. हर्सूल मागं पडलं, रस्ता मोकळा झाला. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या सुखात ती कधीच नव्हती.

"ऐक ना," कृष्णा पुढं बघतच म्हणाला. "घरी आज चुलते पण आलेत. कुणी विचारलं तर… नुसतं करुणा सांग. आडनाव नको सांगू."

वाऱ्यात तिला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नसावं. पण नीटच आलं होतं.

"विचारलं तर सांगणार," ती म्हणाली. "माझ्या बापाचं नाव मी गाळून सांगत नसते."

गावच्या फाट्यावर त्यानं गाडी थांबवली. "तोंड धुऊन घे, धूळ लई आहे."

रसवंतीवर तोंड धुऊन, केस नीट करून ती परत आली, तर कृष्णा किकवर किक मारत होता.

"बंद पडली बघ," तो म्हणाला. "आता काय नाय व्हायची. तू असं कर… एसटीनं परत जा. मी गावातून कुणाला तरी बोलावतो. पुढच्या रविवारी जाऊ की आपण."

करुणा खाली बसली आणि टाकीखाली हात घातला. वायर जोडातून निघालेली होती. काळी पट्टी खाली मातीत पडली होती, पात्यानं सरळ कापलेली. ज्या खोडीनं तो तिच्यापर्यंत आला होता, त्याच खोडीनं आज तिला उंबऱ्याबाहेर ठेवत होता. आणि हे तिला कळणार नाही असं त्याला वाटलं, याचंच तिला जास्त लागलं.

"करुणा… आप्पांचा स्वभाव तुला माहीत नाय."

"तुझा माहीत झाला."

तिनं वायर जोडली. जोड नीट बसला. किक मारली तशी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

"झाली चालू. आता घरी जा." समोरून शहराकडची एसटी येत होती. तिनं हात केला. "दुकानाकडं आता येऊ नको. पप्पांना जय भीम घालायला पण नको. ते खरं मानतात."

एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली. नानखटाईचा डबा मांडीवर तसाच होता. घरी गेल्यावर पप्पा विचारतील, आणि ती खरं तेच सांगणार होती. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. एकदा, मग पुन्हा, मग थांबेचना. शंभर गाड्यांत तिनं तो ओळखला असता.

तो आता आपोआप वाजत नव्हता. ती वायर तिनं स्वतः नीट केली होती. डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं येऊ दिलं, पण मागं वळून पाहिलं नाही.