भीमाप्पांचं जेवण व्हायचंय

काही माणसं लोकांच्या नजरेत भरतात, काही नजरेतून निसटतात. मी दुसऱ्या जातीचा. लग्नाच्या पंगतीत वाढपी माझ्यापर्यंत यायचा तोवर जिलबी संपलेली असायची. चहाच्या दुकानात माझ्यामागून आलेल्याचा कप रिकामा झाला की मग कुणाला तरी माझी आठवण व्हायची. तक्रार म्हणून सांगत नाही. रंगाच्या कंपनीचा माल घेऊन गावोगाव हिंडणाऱ्याला याची सवय होते. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, तेव्हापासून पुण्यात घरीही मी एकटाच जेवायचो आणि तेही भिंतीकडे तोंड करून. दाराकडे तोंड केलं की कुणीतरी येईल असं उगाच वाटत राहतं.

त्या वर्षी जानेवारीत सोलापूरला दोन दिवसांचं काम निघालं. साखर पेठेतला येडू हा मोठा तेलुगू विणकर. लुगड्यांच्या सुतासाठी तो तांबडा रंग आमच्याकडून घेणार की दुसऱ्या पेढीकडून, हे ठरायचं होतं. मागणी मिळाली तर ती घेऊन लगेच पुण्याला हजर व्हा, असं साहेबांनी बजावलं होतं. स्टेशनवर उतरलो आणि कपाळावर हात मारला. सिद्धेश्वराचा गड्डा भरला होता. संक्रांतीची ही जत्रा म्हणजे सगळा जिल्हा सोलापुरात लोटतो, आणि मी शहाणा नेमका त्याच दिवसांत आलो होतो.

"गड्ड्यात आलाव आन् खोली मागताव, सायेब?" टांगेवाला महबूब हसला. "आता हितं चुलत्याच्या घरीबी जागा गावत न्हाय."

तरी त्याने मला फिरवलं. स्टेशनासमोरच्या लॉजमध्ये जिन्यावर माणसं झोपली होती. धर्मशाळेच्या ओसरीवर चुली पेटल्या होत्या आणि व्यवस्थापकाने माझ्याकडे न बघताच मान हलवली. दिवेलागण होत आली. गिरणीचा भोंगा झाला, रस्ता कामगारांनी भरून गेला. महबूबने घोडा थांबवला आणि जरा विचार केला.

"बाळीवेशीत शांतम्माची खानावळ हाय. वर माडी हाय, ती देती कवाकवा. जेवण लई झकास. फकस्त येक सांगतो, पंगत मोडू नगा."

"म्हणजे?"

"म्हंजे शेजारी बसल्यालं जेवून हुईपत्तुर उठू नगा. ती लई मानती त्ये."

यात नवल काय? माझ्या आजोळीही पंगतीतला शेवटचा माणूस हात धुवायला उठेपर्यंत कुणी हलत नसे. मी मान डोलावली.

शांतम्मा साठीची, लिंगायत बाई, कपाळभर विभूती आणि गळ्यात चांदीची लिंगाची पेटी. "बर्री, बर्री," या, या असं ती कानडीत म्हणाली, आणि मी आत आल्या आल्या तिने माझ्याकडे नीट पाहिलं. इतकं नीट पाहून घ्यायची मला सवय नव्हती. मी नाव सांगितलं.

"रावजीअप्पा," ती म्हणाली. "हात धुवा की. भाकरी गरम हाय."

स्वयंपाकघराशेजारी लांबट खोली होती. सारवलेली जमीन, खुंटीला कंदील, भिंतीलगत दोन पाट. प्रत्येक पाटापुढे लाकडी अडणी, तिच्यावर पितळी ताट. एका पाटावर मी बसलो. दुसरा रिकामा होता, पण त्याच्या ताटातही तिने वाढलं. कडक ज्वारीची भाकरी, डाळकांदा, भरलं वांगं, शेंगांची चटणी आणि त्यावर तेलाची धार. शेजारी पाण्याचा तांब्या.

"ताटात काय टाकू नका बरं का," ती म्हणाली. "अन्न म्हंजे परसाद."

जेवण खरोखर झकास होतं. चटणी उखळात कुटलेली, तेल सुटलेली; मी तीनदा मागितली आणि तिने तीनदा वाढली. जेवून झाल्यावर मी उठायला लागलो.

"बसा की. भीमाप्पांचं जेवण व्हायचंय."

मी शेजारी पाहिलं. पाट रिकामा होता. भीमाप्पा कुणी मागाहून येणारा पाहुणा असावा, असं मला वाटलं. हात वाळवत बसलो. गड्ड्यावरून हलगीचा आवाज येत होता. मी कंदिलाकडे, छताच्या तुळयांकडे, चुलीवरून तवा उतरवणाऱ्या शांतम्माच्या पाठीकडे बघत राहिलो.

"आता उठा," ती म्हणाली.

शेजारचं ताट स्वच्छ होतं. लिंगायत लोक ताटात थोडं पाणी घालून तेही पिऊन टाकतात, तसं ते पुसलेलं, किंचित ओलं. मांजराने खाल्लं असेल, मी मनाशी म्हटलं. पण मांजर पाणी घालून ताट धूत नाही. मी प्रवासाने शिणलो होतो आणि त्या विचाराचा माग काढायची माझी इच्छा नव्हती. माडीवर जाऊन घोंगडीत शिरलो.

दुसऱ्या दिवशी येडूकडे गेलो. त्याच्या आवारात माग खडखडत होते आणि त्याची म्हातारी मला रंगवलेली सुताची लडी पाण्यात पिळून दाखवायला लावत होती. पाणी तांबडं झालं तर माल परत. पाणी नितळ राहिलं. म्हातारी तेलुगूत काहीतरी बोलली आणि येडू हसला. "उद्या सकाळी या, कागद करू," तो म्हणाला. मी खुशीत परत निघालो. मग लक्षात आलं, ही खुशी सांगायला कुणी नव्हतं.

त्या दिवशी भोगी होती. शांतम्माने तीळ लावलेली बाजरीची भाकरी केली होती, लोण्याचा गोळा, हरभरा-वांगी-गाजराची भाजी. शेजारचं ताट वाढलेलं होतं. या खेपेला मी नीट बघायचं ठरवलं. ताटावरची नजर मी काढली नाही, आणि ताटातलं काही हललं नाही. शांतम्माने मला भाजी वाढली, तेवढ्यापुरती मी मान वळवली. परत पाहिलं तर भाकरीचा कोपरा मोडलेला होता. भाजीत बोटांच्या खुणा होत्या.

मी घास गिळला. घाबरलो का? घाबरलो. पण ती भीती फार टिकली नाही, आणि ते मला आजही खरं वाटत नाही. कारण ते जेवणं अगदी साधं होतं. लोण्याला बोट लागलेलं. पाण्याची पातळी खाली गेलेली. हळूहळू, दात नसलेला माणूस जेवतो तसं. मीही घास लहान केले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाच्या तरी जेवणाशी माझं जेवण जुळत होतं.

"भीमाप्पा," मी हळूच म्हटलं, "येडूने मागणी द्यायचं कबूल केलं."

पुढचा घास मोडला गेला नाही, थोडा वेळ तरी. ऐकताना माणूस थांबतो, तसं.

शांतम्मा चुलीपाशी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मला काळजी दिसली. "रावजीअप्पा, त्येंच्याशी बोलू नका लई," ती म्हणाली. "त्येंची सोबत गोड लागती मग."

मी हसलो. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

तिसऱ्या दिवशी येडूने कागदावर अंगठा उठवायला उशीर केला, मग सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांची मिरवणूक बघायला गर्दीत अडकलो, आणि खानावळीत पोचलो तेव्हा दुपारची गाडी जवळ आली होती. महबूब टांगा घेऊन दारात उभा होता. मी म्हटलं, न जेवताच जातो. शांतम्मा म्हणाली, "उपाशी जायचं न्हाय. बसा." पाट मांडलेले होते. दोन्ही ताटं वाढलेली होती. मी बसलो. आता वाटतं, बसलोच नसतो तर निभावलं असतं.

अर्धी भाकरी झाली आणि बाहेरून हाक आली.

"सायेब, गाडी जातीय!"

शेजारच्या ताटात पहिलाच घास मोडलेला होता. मी त्या ताटाकडे पाहिलं, माझ्या ताटाकडे पाहिलं. साहेबांचा चेहरा आठवला.

"भीमाप्पा, माफ करा," म्हणालो आणि उठलो.

तव्यावरची भाकरी करपत होती आणि शांतम्मा ती उलटत नव्हती.

"भीमाप्पाबी गाडीसाठीच उठले व्हते," ती म्हणाली.

गाडी मिळाली. साहेबांनी मागणी घेतली आणि माझ्याकडे न बघता ठीक आहे म्हणाले. तेवढं नेहमीचंच होतं. पण भूक नेहमीची नव्हती. घरी जेवलो, खानावळीत जेवलो, लग्नाच्या पंगतीत बसलो. घास पोटात जायचा आणि पोट तसंच राहायचं. चव सगळ्याला पाण्यासारखी. दिवाळीच्या सुमारास चहावाला मला चहा द्यायचाच थांबला. मार्गशीर्षात साहेबांनी माझा मार्ग एका नव्या पोराला दिला. मी टेबलासमोर उभा असताना दिला.

तक्रार करावी असं कुणाला वाटलं नाही. मलाही नाही.

पुढच्या संक्रांतीला मी सोलापूरला आलो. कामासाठी नव्हे. स्टेशनबाहेर महबूबचा टांगा होता. मी हात केला. तो माझ्या आरपार बघून दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "गड्ड्यात आलाव आन् खोली मागताव, सायेब?" मी चालत बाळीवेशीत गेलो. दार उघडं होतं. लांबट खोलीत तीन पाट होते.

शांतम्माने वर पाहिलं नाही. पण मधल्या ताटात तिने चटणी वाढली आणि तिच्यावर तेलाची धार सोडली. मी मधल्या पाटावर बसलो. चटणीला चव होती.

पलीकडच्या पाटावर काळा कोट घातलेला म्हातारा जेवत होता. तोंडात दात नव्हते. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि मान डोलावली. वर्षभरात माझ्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

अलीकडच्या पाटावर तो टांग्यातला नवा पाहुणा येऊन बसला. चामड्याची पिशवी, विम्याचा एजंट असावा. घाईघाईने जेवत होता; खोली न मिळाल्याने पुढच्याच गाडीने परत निघाला असावा. माझ्या ताटाकडे तो एकसारखा बघत होता; माझ्याकडे नाही.

तो उठायला लागला. माझ्या ताटात अजून अर्धी भाकरी होती.

"बसा की," शांतम्मा म्हणाली. "भीमाप्पांचं व्हायचंय. रावजीअप्पांचंबी व्हायचंय."

तो बसला. मी भाकरीचा तुकडा मोडला. त्याने तो मोडताना पाहिला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

कुणीतरी माझ्यासाठी थांबलं होतं. किती बरं वाटलं, ते सांगता येत नाही.

बाहेरून महबूबची हाक आली. पाहुण्याने खिशातून घड्याळ काढलं.

भीमाप्पांचा हात थांबला. माझाही थांबला. भिंतीलगत अजून एका पाटाची जागा होती.

उठ, मी मनात म्हटलं. उठ.