शून्याची रेघ

पाच रेघा हव्या होत्या, पडद्यावर येत होती एकच. पोरगी अगदी रडकुंडीला आली होती. संध्याकाळपर्यंत सरांना आलेख द्यायचा, आणि कॉम्प्युटर हट्टाला पेटलेला!

"पाच पाहुणे बोलावलेत आणि ताट एकच मांडलंय," मागून आवाज आला.

तिने वळून पाहिलं. पावसाने ओले केस, हातात चहाचा कप, ओठांत दाबलेलं हसू... सगळी प्रयोगशाळा ज्याला मिस्त्री म्हणायची, तो हाच. कुणाचाही प्रोग्रॅम अडला की हाक यालाच.

"म्हणजे?" ती फणकारली.

"म्हणजे नवी रेघ काढताना दर वेळी जुनी पुसताय." त्याने एक ओळ उचलून पुन्हापुन्हा चालणाऱ्या लूपच्या बाहेर ठेवली, आणि लंबकाच्या झोक्यांच्या पाचही रेघा डौलात उमटल्या. हवेचा अडथळा जास्त, तो लंबक लवकर निजलेला. अडथळा कमी, तो जरा जास्त झुलणारा. आणि अडथळा शून्य... तो कधी थांबायचाच नाही.

"आता कुठली रेघ कुणाची, हे कसं कळणार? नावं दिलीत, पण लेजंडची ओळ विसरलात. ती लिहिल्याशिवाय कोपऱ्यात नावांची चौकट येत नाही, विसरभोळ्या बाई!"

झालं, तिचं बारसं झालं. आणि खरं सांगायचं तर, पुढे कितीदा तरी ती मुद्दामच विसरली. दुसऱ्या टोकाच्या टेबलावरून तो ओरडायचा, "लेजंड?"

"विसरले..."

"डोकं घरी विसरत नाहीस, हेच नशीब!"

'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. जीव जडला होता तिचा. सांगायचं मात्र — आज नको, उद्या — राहून जात होतं. आणि एक दिवस त्याला परदेशातल्या नोकरीचं पत्र आलं. शनिवारचं विमान.

शुक्रवारी दुपारी तिने मनाचा हिय्या केला. तोंडाने बोलणं काही जमणार नव्हतं. चार रेघांना तिने नेहमीसारखी आकड्यांची नावं दिली. पाचवीला, शून्याच्या रेघेला, नाव दिलं: 'जाऊ नकोस. मला तू हवा आहेस.'

"मिस्त्री... जाता जाता एक आलेख बघतोस?"

प्रोग्रॅम चालू केला, आणि चित्र उमटायच्या आतच ती उठून खिडकीशी गेली. काचेवरून पाणी ओघळत होतं. मागे खुर्ची ओढून तो पडद्यासमोर बसला.

"छान आलाय," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "अजून काही... दाखवायचंय?"

वाचूनही हा असं विचारतो? ती न वळताच म्हणाली, "नाही. एवढंच."

"बरं... येतो मग."

खुर्ची सरकली, दार लागलं. तिने पडद्याकडे न बघताच कॉम्प्युटर बंद केला.

"त्याने वाचलं गं, ताई," ती फोनवर बहिणीला म्हणाली. "मला वाईट वाटू नये म्हणून काही बोलला नाही. चांगला आहे तो."

दोन वर्षांनी त्याच्या लग्नाचा फोटो आला. तिने मनापासून अभिनंदन कळवलं, मग तोंड धुऊन प्रबंधाला बसली. जुना आलेख हवा होता. त्या शुक्रवारची फाइल उघडली, प्रोग्रॅम चालवला.

पाच रेघा आल्या. कोपरा रिकामा होता.

तिने पुन्हा चालवला. मग एकेक ओळ बोट ठेवून वाचली. लेजंडची ओळ नव्हतीच. सगळ्या जन्मात एकदाच जेव्हा ती विसरायची नव्हती, तेव्हाच बाई खरोखर विसरली होती! आणि त्या दिवशी, पहिल्यांदाच, तो "लेजंड?" म्हणाला नव्हता. निघताना कशाला चिडवा, असं वाटलं असेल बिचाऱ्याला. अजून काही दाखवायचंय, असं विचारत मात्र होता.

तिने ती ओळ लिहिली. चौकट आली, शब्द आले. ती हुंदके देत कितीतरी वेळ वाचत राहिली.

मग तिने ते शब्द खोडले, तिथे शून्य लिहिलं आणि आलेख सरांना पाठवून दिला.